फेकलेलं दाखव

"निवडलेलं नोको दाखवू. फेकलेलं दाखव."

राजापेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंचं हे वाक्य तिथल्या किराणा दुकानदारांना पाठ होतं. साफ केलेली तुरीची डाळ घ्यायची, तर काकूंना आधी तिच्यातून निघालेला कचरा बघायचा असे. काय काढलं ते ज्याला दाखवता येत नाही, त्यानं काय ठेवलं याचा भरवसा काय? स्वतः कोणाची डाळ निवडून दिली, तर वेचलेले खडे काकू वेगळ्या पुडीत बांधून द्यायच्या.

भरवसा माझ्यावरही नव्हता. माझी बायको याबाबतीत पूर्णपणे काकूंच्या बाजूची.

काकाजींच्या, म्हणजे काकूंच्या यजमानांच्या, हृदयाची झडप बदलली आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. खोक्यातला इंग्रजी कागद चादरीएवढा, अक्षरं मुंगीएवढी. मी तेव्हा नुकताच फोनमधल्या एआयशी बोलायला शिकलो होतो आणि नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा गल्लीभर मिरवत होतो. कागदाचा फोटो काढून त्याला म्हणालो, सोप्या मराठीत सांग. त्यानं पाच ओळी दिल्या. मी त्या बातम्या देणाऱ्याच्या आवाजात वाचल्या. रोज ठरल्या वेळी गोळी घ्या, रक्तस्राव झाला तर लगेच दवाखान्यात जा, इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, वगैरे.

काकूंनी चष्म्यावरून फोनकडे पाहिलं. "एवढा मोठा कागद, अन् पाचच ओळी? बाकीचं कुठी गेलं?"

"काकू, तेच तर सोपं केलं त्यानं."

"सोपं केलं का कमी केलं? त्याले म्हन, फेकलेलं दाखव."

मी हसलो. काकूंसमोर हसणं फार वेळ टिकत नाही. सोपं करताना काय गाळलं ते सांग, असं टाइप केलं. फोननं बिनतक्रार सगळं ओतलं. 'इतर औषधं' या दोन शब्दांत काय काय कोंबलं होतं ते बाहेर आलं. त्यात दुकानात सहज मिळणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्या होत्या, नावासकट. सोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

काकाजी बंगईवर झोके घेत ऐकत होते. झोका थांबला. त्यातलीच एक गोळी ते गुडघ्यांसाठी रोज मेडिकलमधून आणून घेत होते. डॉक्टरांना सांगितली नव्हती, कारण डॉक्टरांनी औषधं विचारली होती.

"ते काय औषध होय?" काकाजी म्हणाले. "ते तं दुखन्याची गोळी आहे."

मलाही ते पटलं. आमच्याही घरात बाम, चूर्ण आणि दुखण्याची गोळी औषधात धरत नाहीत.

आता तरी फोनला शाबासकी मिळेल, असं मला वाटलं. काकूंनी तो आणखी दूर सरकवला. "इचारल्याशिवाय सांगतलं नाही त्यानं. अन् आता सारं सांगतलं, हे कायच्यावरून?"

त्यांनी काकाजींना रिक्षात बसवलं. तो चादरीएवढा कागद घेतला, गुडघ्यांची गोळी घेतली आणि मलाही घेतलं, पाच ओळी वाचल्याबद्दल. डॉक्टरांनी ती गोळी तिथल्या तिथे बंद केली, रक्त तपासायला पाठवलं. परतताना काकू अखंड बोलत होत्या. कधी गुडघ्यांना, कधी मला, कधी फोनला. काकाजींचा हात मात्र त्यांनी घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढे मुलानं दोघांना अकोल्याला नेलं. बंगई गेली, छताला कड्या राहिल्या. मध्यंतरी मला रक्तदाबाची गोळी लागली आणि बायकोनं ती बातमी अकोल्याला पोचवली. काही दिवसांनी एका ओळखीच्यासोबत काकूंची पिशवी आली. निवडलेली तुरीची डाळ, आणि वर दोऱ्यानं बांधलेली छोटी पुडी. आत खडे, टरफलं, किडके दाणे.

डाळ केव्हाच संपली. पुडी मी फोनवर ठेवतो. गोळीचं काही विचारायला फोन उचलायचा, तर आधी ती बाजूला करावी लागते.