वरवंट्यासकट माझं वजन

माझं लग्न ठरायच्या आधीचे दोन-तीन महिने आमच्या घरात एकाच गोष्टीची चर्चा होती, ती म्हणजे माझे दंड. ते फार बारीक होते. मनगटात घातलेली बांगडी कोपरापर्यंत सहज सरकायची, आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई माझा दंड दोन बोटांत धरून आईकडे अशी बघायची, जणू आईनेच माझं जेवण लपवून ठेवलंय.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. वसईतल्या आमच्या गावात तेव्हा देखणी बाई म्हणजे अंगाने भरलेली बाई. गोल दंड, रुंद कंबर, हनुवटीखाली थोडं जास्तीचं मांस. आई तशी होती. लाल लुगडं नेसून ती चर्चच्या पायऱ्या चढू लागली की बायका बाजूला होत, आणि ते कौतुकाने. मी मात्र वडिलांवर गेले होते. वडील कोणावर गेले होते ते देव जाणे, पण पावसात छत्री आणि ते यातलं कोण कोणाला धरून चाललंय ते कळायचं नाही.

नाताळनंतरच्या रविवारी शेजारच्या गावातून मला बघायला येणार होते. मुलगा शाळेत मास्तर होता. गावच्या सणाला मी त्याला लांबून पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या आईने आधीच्या दोन मुली ‘फारच किडकिडीत’ म्हणून नाकारल्या होत्या, हे मात्र सगळ्या गावाला माहीत होतं.

आईने कंबर कसली. सकाळी दोन अंडी, दुपारी भातावर तूप, संध्याकाळी सुकेळी. उन्हात वाळवलेली ती गोड केळी मला एरवी फार आवडायची, पण औषधासारखी खायला लागल्यावर ती नजरेसमोर नकोशी झाली. पाचूबंदरहून मासळी घेऊन येणारी कोळीणही या मोहिमेत सामील झाली. “या पोरीला बोंबील नको घालूस,” ती आईला बजावायची, “नुसतं पानी असतं त्यात. पापलेट घे.” पापलेट महाग असतं हा त्यातला योगायोग.

आणि दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की घरात न शिरता थेट वजन. आमच्या घराला लागूनच चुलत्यांची केळ्यांची वखार होती. आढ्याला मोठा तराजू टांगलेला, साखळ्यांना लाकडी पारडी. मुंबईला जाणारे केळ्यांचे घड ज्या पारड्यात ठेवत, त्यातच मला बसवायचे. दुसऱ्या पारड्यात चुलते लोखंडी वजनं रचायचे आणि आई श्वास रोखून उभी राहायची. पहिल्या रविवारी मी एकोणचाळीस किलो भरले. दुसऱ्या रविवारी एकोणचाळीस. तिसऱ्या रविवारीही एकोणचाळीसच, आणि आईचा चेहरा इतका पडला की मला ते बघवेना.

चौथ्या रविवारी मी खलबत्त्यातला बत्ता पंच्यात गुंडाळून परकराच्या नाडीत खोचला आणि वरून साडी नेसले. चाळीसच्या वर! आईने मला भर वखारीत मिठी मारली. मग मला मोह आवरला नाही. पुढच्या रविवारी बत्त्याच्या सोबतीला वरवंटा आला.

वरवंटा कमरेला बांधून मिस्सा ऐकणं ही काय चीज आहे, ते ज्याचं त्याला कळतं. गुडघे टेकले की तो पोटात घुसायचा, उभं राहिलं की मांडीवर आपटायचा. ख्रिस्तप्रसाद घ्यायला मी अशी जपून चालत जायचे की बायकांना वाटायचं, काय भक्तिभाव आहे पोरीचा! घरी आल्यावर आई मसाला वाटायला बसायच्या आत तो जागेवर ठेवायची वेगळीच धावपळ. नाताळच्या आधी पापनिवेदनाला गेले तेव्हा मी फादरांना सांगितलं, “मी आईला फसवते.” त्यांनी विचारलं, “किती?” मी म्हटलं, “साडेचार किलो.” पडद्यापलीकडे फादरांना एकदम खोकल्याची उबळ आली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आणि आई. ती माझ्या आईच्याही दीडपट. मी दोन परकर आणि लांब बाह्यांचं पोलकं घालून केक आणि चहा घेऊन गेले. तिने ट्रे बाजूला ठेवला, माझं मनगट धरलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, “पोरीच्या अंगावर काय नाय हो.”

मला वाटलं, संपलं. मास्तर खाली बघत होता. पण माझ्या आईचा स्वाभिमान दुखावला होता. “दिसते बारीक,” ती म्हणाली, “पण हाड जड आहे तिचं. चव्वेचाळीस किलो भरते. खोटं वाटत असेल तर चला वखारीत!”

आणि खरोखरच सगळे निघाले. पुढे आई, मागे पाहुणे, त्यांच्या मागे मी. वरवंटा स्वयंपाकघरात पाट्यावर आरामात पडलेला होता. नवऱ्याकडच्या मंडळींसमोर नवरीला केळ्यांच्या पारड्यात बसवण्याचा प्रकार आमच्या गावात त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झाल्याचं मी ऐकलं नाही.

चुलत्यांनी चव्वेचाळीस किलोची वजनं ठेवली. मग एकेक काढायला लागले. एकोणचाळीस आणि वर जेमतेम अर्धा. “काटा बिघडलाय,” आई म्हणाली, आणि मला उठवून स्वतःच पारड्यात बसली. चुलते म्हणाले, “वहिनी, काटा बरोबर आहे. कालच तीस घड तोललेत.” आई पारड्यातून उतरली ती माझ्याकडे बघत. तिला काहीच समजत नव्हतं. तिची ती नजर मला सहन झाली नाही आणि मी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. बत्ता, वरवंटा, नाडी, सगळं.

सगळ्यात आधी मास्तर हसला. त्याने तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. त्याच्या आईने मात्र गंभीरपणे विचारलं, “अख्खी मिस्सा? गुडघ्यावर बसून?”

“अख्खी,” मी म्हटलं.

“उपदेश केवढा?”

“आमच्या फादरांचा पाऊण तासाचा असतो.”

मग ती हसायला लागली. हसता हसता तिला केळ्यांच्या टोपल्यावर बसावं लागलं. डोळे पुसत ती नवऱ्याला म्हणाली, “एवढा दगड घेऊन पाऊण तास बसली, म्हणजे पोरगी मजबूत आहे. आपल्याला चालेल.” तिथेच ठरलं.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मसाला वाटताना ती एकदम म्हणाली, “मी तुला कोणाला दाखवण्यासाठी खाऊ घालत नव्हते गो. लहानपणी आमच्याकडे दोन-दोन दिवस पेजेवर काढायचे. तेव्हा आम्ही सगळी तुझ्यासारखी दिसायचो. तुला बघितलं की मला तेच दिसतं.” मी तिच्याजवळ बसले आणि खूप रडले.

पुढे दहा-बारा वर्षांत जग असं काही उलटलं की बघत राहावं. घरोघरी टीव्ही आले, त्यात सडपातळ बायका आल्या. लग्नानंतर मीही शाळेत शिकवू लागले होते; तिथल्या बाई लोकांचे डबे काकडीने भरू लागले. ज्या दंडांनी माझं लग्न मोडत आणलं होतं, त्यांच्याकडे बघून त्या विचारायच्या, “कसं काय मेंटेन केलंत हो?” मी काही केलं नव्हतं. पण मान मिळतोय म्हटल्यावर कोण सोडतो? मी खुशाल सल्ले द्यायला लागले. भात कमी करा, गोड बंद करा, रात्री लवकर जेवा. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझी मुलगी आजीवर गेली. आठ वर्षांची, गोल हातांची, सतत काहीतरी गुणगुणत खेळणारी. एका रविवारी आम्ही आईकडे जेवायला गेलो होतो. मुलीने दुसऱ्यांदा भात मागितला आणि आईने भाताचा डाव उचलला. मी मुलीच्या ताटावर हात धरला. “पुरे आता,” मी म्हटलं. “किती ते दंड झालेत बघ.” आणि बोलता बोलता मी तिचा दंड दोन बोटांत धरला.

डाव हातात तसाच धरून आई माझ्या बोटांकडे बघत राहिली. मुलीने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “मम्मी, मी वाईट दिसते?”

इतकी लाज मला त्या वखारीतही वाटली नव्हती. मी हात काढून घेतला.

“भूक आहे का तुला?” मी विचारलं.

ती लगेच हो म्हणाली नाही. आधी तिने माझा चेहरा नीट बघून घेतला.