हाताळणीचे साडेआठ हजार

कोटेशनच्या कागदावर अकरा ओळी होत्या. दहा मला समजल्या. अकरावी होती ‘हँडलिंग चार्जेस’, आणि तिच्यासमोर साडेआठ हजार.

मी डिंडोलीत, खानदेशातून लूमवर कामाला आलेल्यांच्या वस्तीत, एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. टायपिंग, फॉर्म भरणं, अर्ज लिहून देणं. दिवसभर लोकांचे कागद हातातून जातात, त्यामुळे कुठलाही कागद समोर आला की नजर आधी खालच्या बारीक अक्षरांवर जाते. शोरूममध्ये तेच झालं. माझा मोठा भाऊ व्हॅनचं सरकतं दार उघडून-लावून बघत होता, आमचे वडील, आबा, खुर्चीत बसून पाणी पीत होते, आणि मी सेल्समनला विचारलं, “ये हँडलिंग क्या है?”

“बेन, वो तो सबको लगता है.”

“सबको लगता है वो समझ गई. किस चीज का लगता है?”

“यार्ड से लाना, धोना, पॉलिश करना...”

“किराणावाला गोदाम से शक्कर लाने का अलग पैसा लेता है क्या?”

तो हसला. पोरगं माझ्याच वयाचं असेल, गळ्यात ओळखपत्र, केसांना भरपूर जेल. “बेन, ये शक्कर नहीं है.”

तेवढ्यात भाऊ मागून ओरडला, “सीएनजीवर किती देते?” सेल्समन दचकला. “भाई, गुस्सा क्यूँ होते हो?” भाऊ रागावला नव्हता. चौदा वर्षं कापडाच्या लूमच्या कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी केल्यावर माणूस असाच बोलतो. यंत्रांच्या खडखडाटात हळू बोलून उपयोग नसतो, आणि नंतर कानच तेवढे राहत नाहीत. डॉक्टरांनी डाव्या कानाचं सांगितलं तेव्हाच भाऊनं ठरवलं होतं, की आता लूम सोडायची आणि शाळेची व्हॅन चालवायची. नवागामातल्या आणि आमच्या सोसायटीतल्या बारा मुलांच्या आईबापांना त्यानं शब्द दिला होता. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी गाडी दारात. नाही आली तर ते दुसरी व्हॅन बघणार, आणि भाऊ परत लूमवर जाणार. एवढं साधं होतं ते. म्हणून आम्ही एप्रिलच्या सुरुवातीलाच शोरूममध्ये बसलो होतो.

पण शोरूममध्ये जाण्याआधीच आमच्याकडून एक चूक झाली होती, आणि ती आबांची होती.

आबांनी आदल्या आठवड्यात एकट्यानं जाऊन बुकिंग केलं होतं. जाताना नारळ, पेढे आणि सुपारी नेली. आमच्या खानदेशात लग्न ठरताना सुपारी फोडतात. ती फुटली की दोन्हीकडून शब्द पक्का, मग कोणी दुसरं स्थळ बघत नाही. आबांनी गाडीचंही तसंच केलं. बुकिंगच्या फॉर्मला हळदकुंकू लावलं, सेल्समनच्या टेबलावर सुपारी फोडली, त्याच्या तोंडात पेढा घातला. आणि वर सांगून आले, की आखाजीला लेक माहेरी येणार आहे, गाडी त्याच दिवशी घरी आली पाहिजे. म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पेढ्याबरोबर त्यांनी आमची मानही देऊन टाकली.

मी म्हटलं, “आबा, आपण दुसऱ्या शोरूममधनंही भाव काढू.”

आबा म्हणाले, “सुपारी फुटनी. आते दुसरी जागा देखाले जानं नही.”

“ती सुपारी माणसांची असते. हे दुकान आहे.”

“दुकानात बसेल ते माणसंच शेतस ना?”

मला याचा राग यायचं कारण होतं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आबा लूम कामगारांच्या संघटनेत होते. गुलाबी, पिवळ्या पातळ कागदांचे गठ्ठे कॉटखाली असायचे. एका बाजूला मागण्या, दुसरी कोरी. कोऱ्या बाजूवर मी बेरजा केल्या आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. दर मीटरचा दर भिंतीवर लावा, पगाराची पावती द्या, कापलेल्या पैशाचं कारण लिहून द्या. ज्या माणसानं मालकासमोर उभं राहून हे मागितलं, तो एका ओळीचं कारण विचारायला तयार नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. आबा एवढंच म्हणाले, “तो मालक व्हता. हाऊ पोऱ्या आपले पानी पाजस.”

दुसऱ्या दिवशी दुकानात काम नव्हतं तेव्हा मी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, कंपनी असा कोणताही चार्ज सांगत नाही, पण तुम्ही विक्रेत्याशी बोला. विक्रेता म्हणत होता सगळ्यांना लागतो. मग मी एक पत्रक लिहिलं. ‘वाहन घेणाऱ्यांनो, हाताळणी म्हणजे काय ते विचारा.’ शंभर प्रती काढल्या, कागदाचे पैसे स्वतः भरले, आणि रविवारी शोरूमच्या फाटकावर वाटायचं ठरवलं.

आबांनी पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं. दोन ठिकाणी वाक्य लांब झालंय म्हणाले. मग विचारलं, “गाडी कोना नाववर शे?”

“भाऊच्या.”

“मग त्याले इचार.”

भाऊला विचारायची गरज पडली नाही, तो दारातच उभा होता. “माले गाडी पाहिजे,” तो म्हणाला, “तुनं भाषण नको.” हे त्यानं त्याच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूही वर बघायला आल्या. पत्रकं मी वाटली नाहीत. मी चिडले होते, पण त्याचं बरोबर होतं. फाटकावर मी उभी राहणार आणि बुकिंग त्याचं रद्द होणार.

पण एक गोष्ट मी त्याच्याकडून मिळवली. दुसऱ्या शोरूममध्ये फक्त विचारायचं, घ्यायचं नाही. चलथाणच्या बाजूला त्याच कंपनीचं दुसरं शोरूम होतं. आबाही आले, पण आत आले नाहीत. समोरच्या रसवंतीवर उसाचा रस घेऊन रस्त्याकडे पाठ करून बसले, कोणी ओळखीचं बघू नये म्हणून. आत आम्हाला तशाच कागदावर तशाच अकरा ओळी मिळाल्या. अकरावीचं नाव इथे ‘फॅसिलिटेशन’ होतं, आणि रक्कम चार हजार. तीच गाडी, तीच कंपनी, मधे फक्त एक रस्ता. तेव्हा भाऊ पहिल्यांदा कागदाकडे नीट बघू लागला.

“म्हणजे हे धुण्याचे पैसे नाहीत,” तो म्हणाला.

“धुण्याचे असते तर इथलं पाणी निम्म्या भावाचं आहे.”

“मग कशाचे?”

“आपण देऊ तेवढ्याचे.”

चलथाणला गाडी जुलैच्या आधी मिळणार नव्हती. म्हणून आम्ही पहिल्याच शोरूममध्ये परत गेलो, तिघंही. या वेळी मी मॅनेजरला भेटायला मागितलं. पन्नाशीचा माणूस, कपाळावर टिळा, बोलायला नम्र. आबांना ‘काका’ म्हणाला, चहा मागवला.

मी म्हटलं, “साडेआठ हजार देतो. पण त्याची वेगळी पावती द्या. हँडलिंग, असं लिहून, शिक्का मारून.”

“बेन, एनी अलग पावती नथी बनती. टोटलमां आवी जाय.”

“जिसकी पावती नहीं बनती वो पैसा किस बात का?”

त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि बोलला मात्र आबांशी. “काका, अखात्रीज को डिलिव्हरी चाहिए ना? उस दिन चालीस गाडी निकलनी है. जिसका फाइल क्लियर, उसकी गाडी पहले. बेटी घर आएगी, गाडी नहीं होगी तो अच्छा लगेगा क्या?”

आबांचं डोकं खाली गेलं. सुपारीबरोबर दिलेली माहिती परत आमच्याच अंगावर आली होती. मी काहीतरी कडक बोलणार होते, वाक्य तयारही होतं. पण भाऊ आधी बोलला.

“माले आखाजी नको.”

मॅनेजरला अहिराणी समजली नसावी, पण आवाज समजला. बाजूच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं. भाऊनं मग हिंदीत सांगितलं, “मुहूर्त नहीं चाहिए. स्कूल खुलने से पहले गाडी चाहिए. लाइन में लगाओ, चलेगा. साडेआठ हजार नहीं दूँगा. लेना है तो रसीद दो.”

मला तोपर्यंत वाटत होतं की आखाजीचा हट्ट सगळ्या घराचा आहे. तो फक्त आबांचा होता. भाऊला कोणी विचारलंच नव्हतं. आबांनी नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. मीही त्याच्या वतीनं भांडत होते, त्याला न विचारता.

मॅनेजर जरा वेळ कागदाशी खेळला. मग पेनानं अकराव्या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला सही केली. “ठीक छे. पण लाइनमां. मने पछी फोन नहीं करता.” बाहेर सोडायला आलेला सेल्समन दारात हळूच म्हणाला, “बेन, किसी को बताना मत.” मी म्हटलं, “मैं झेरॉक्स की दुकान में बैठती हूँ भाई. रोज पचास लोगों को बताऊँगी.” तो पुन्हा हसला, या वेळी जरा कसनुसा. त्या दिवसापासून वाहनकर्जाचे कागद घेऊन कोणी आलं की मी त्याला ती ओळ बोटानं दाखवते. काहीजण विचारतात, काहीजण म्हणतात जाऊ दे ताई, गाडीसारखी गाडी घेतोय.

आखाजीला माझी थोरली बहीण, ताई, आली. आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या, पोरींनी सोसायटीच्या जिन्याला झोका बांधला. गाडी नव्हती. ताई चार दिवसांनी बसनं सासरी परतली आणि आबा तिला बस स्टँडवर सोडून आल्यावर संध्याकाळपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

गाडी मिळाली मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पुढचं काम शोरूममार्फत आरटीओचं होतं, पासिंग आणि परमिट. आठ दिवस सांगितले होते, लागले चोवीस. शोरूमनं आमची फाइल मुद्दाम मागे ठेवली का, हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसं लिहीत नाही. शाळा उघडली त्या दिवशी व्हॅन सोसायटीच्या आवारात झाकून उभी होती. भाऊनं एका मित्राची रिक्षा भाड्यानं घेतली आणि दोन-दोन फेऱ्या मारून बारा मुलं पोचवली. दुसऱ्या फेरीतली मुलं प्रार्थना संपल्यावर पोचायची. चौथ्या दिवशी परमिट आलं, पण त्याआधी तिसऱ्या दिवशीच दोन घरांनी दुसरी व्हॅन लावली.

एका मुलाचे महिन्याला नऊशे. दोन मुलांचे वर्षाचे किती होतात ते मी रात्री जेवताना मनात काढलं. साडेआठ हजारांच्या दुपटीहून जास्त. माझ्या चेहऱ्यावरून भाऊनं ओळखलं असावं.

“मी त्या दोन्ही घरी जाते,” मी म्हटलं. “आपली चूक नव्हती, समजावून सांगते.”

“नको. त्यांच्या पोरांना रोज शाळेत वेळेवर जायचंय. तुझं खरं आहे म्हणून ती उशिरा का जातील?” मग ताटातली भाकरी मोडत म्हणाला, “तू चल माझ्याबरोबर. नवी दोन पोरं शोधू.”

म्हणून रविवारी सकाळी आम्ही नवागामात दारोदार फिरलो. एका खोलीसमोर एक बाई भांडी घासत होती. तिची मुलगी दुसरीत होती आणि शेजारणीबरोबर चालत शाळेत जायची. भाऊनं भाडं सांगितलं.

“नऊशे? कसले नऊशे?” बाईनं हात न थांबवता विचारलं. “तो पलीकडचा साडेआठशे घेतो.”

मी भाऊकडे बघितलं. तो पायरीवर बसला आणि त्याच्या मोठ्या आवाजात सांगू लागला. महिन्याचा गॅस इतका. बँकेचा हप्ता इतका. परमिट आणि विमा वर्षाचा, तो महिन्याला इतका पडतो. आजूबाजूच्या दोन दारांतून माणसं डोकावली. बाई ऐकत होती, मधेच म्हणाली, “आणि उरतात ते?”

“ती माझी मजुरी,” भाऊ म्हणाला. “जास्त वाटत असेल तर सांगा.”

बाईनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले. आत वळून तिनं मुलीला हाक मारली आणि विचारलं, “गं, तुझी शाळा किती वाजता भरते?”

अकरावी जागा भरली. बारावी दिवाळीपर्यंत रिकामीच होती.