साहेबांना कादंबरी आवडली

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका गल्लीत ज्या सकाळी विजेच्या खांबाला बॅनर बांधलं गेलं, त्या सकाळी विमला घाटे गोल बाजारातून भाजी घेऊन परत येत होती. बॅनरवर एक हसरी बाई होती, तिच्या हातात मोबाइल, आणि खाली ठळक हिंदीत लिहिलेलं : ‘पड़ोस-सखी. अपना पारा, अपनी आँखें.’

विमला पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिली. तो शब्द तिचा होता, तिची ‘शेजारसखी’. खालची ओळही तिचीच, फक्त मराठीतून हिंदीत गेलेली. तिच्या कादंबरीतल्या गल्लीगल्लीच्या भिंतींवर ती रंगवलेली होती. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून तिने ती लिहिली होती.

तशी विमला काही लेखिका नव्हती. एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत तिची सगळी नोकरी झाली. तिथे बसून तिने एक गोष्ट नीट पाहिली होती. कुणाचं वाईट करायचं असलं की कागदावर वाईट शब्द कधी येत नाही. जनहित येतं, सुविधा येते, सहकार्य अपेक्षित असतं. त्या गोड भाषेची तिला चीड होती. निवृत्त झाल्यावर, नवरा श्रीपाद गेल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी, ती चीडच तिने लिहून काढली. कादंबरीचं नाव ठेवलं ‘सगळे घरीच आहेत’.

कादंबरीतल्या शहरात कुणाला मारत नाहीत, कुणाला उचलून नेत नाहीत. प्रत्येक गल्लीत एक शेजारसखी असते. चांगली, मनमिळाऊ बाई. कोणतं दार उशिरा उघडलं, कुणाच्या उंबऱ्याशी अनोळखी चपला दिसल्या, एवढंच ती रोज वर कळवते. मग त्या घरचं रेशन अडतं, पोराचं नाव कॉलेजच्या यादीतून गळतं, आणि कशामुळे ते कुणालाच सांगता येत नाही.

पुस्तक नागपुरात छापलं. रायपुरात ते वाचणार कोण? इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी कौतुक केलं आणि कपाटात ठेवलं. नव्या पोरांना मराठी समजते, वाचता येत नाही. तिच्या बहिणीचा मुलगा अभिनव शहरातल्या कॅमेऱ्यांचं काम मिळालेल्या एका कंपनीत होता. त्याने मात्र एक प्रत मागून नेली. “मावशी, मेरे बॉस मराठी पढ़ते हैं. उनको देता हूँ.”

बॉस म्हणजे शिशिर साहेब. पुण्यात शिकलेला, मृदू बोलणारा, चाळिशीचा माणूस. तो स्वतः घरी आला. पुस्तकात त्याने पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या.

“मावशी, मी दोन बैठकांत वाचून काढली,” तो म्हणाला. “तुमचं निरीक्षण कमाल आहे. कॅमेरा माणूस दाखवतो, पण कोण कुणाचं कोण, ते फक्त शेजारणीला कळतं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.”

विमलाला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. तिने त्याला पोहे केले, दुसऱ्यांदा चहा ठेवला. शेजारसखी निवडताना बाई कशी पारखायची, तिला काय दिलं की ती खूश राहील, सगळं तो खोदून खोदून विचारत होता आणि ती हौसेने सांगत होती. पहिलाच वाचक होता तो तिचा.

आता बॅनरखाली उभं राहून तिला ते पोहे आठवले.

घरी येऊन तिने अभिनवला फोन लावला.

“हे काय करून राहिले तुम्ही लोक?”

“अरे मावशी, आपने देख लिया? सरप्राइज था,” तो खुशीत म्हणाला. “सर ने आपको क्रेडिट भी दिया है प्रेझेंटेशन में.”

“अभिनव, तू ते पुस्तक वाचलं का?”

“सर ने समरी भेजी थी.”

“त्याच्यात शेवटी काय होते, माहीत आहे तुले?”

तो म्हणाला, “मावशी, वो तो कहानी है ना.”

गल्लीची सखी म्हणून समोरच्या इंदूची निवड झाली. इंदू आणि विमला एकाच वर्षी या गल्लीत सून म्हणून आल्या होत्या. इंदूला योजनेतून मिळालेल्या मोबाइलमध्ये गल्लीतल्या सगळ्या दारांची चित्रं होती. संध्याकाळी प्रत्येक दारावर बोट ठेवायचं. सगळं ठीक असलं तर हिरवं, काही वेगळं वाटलं तर पिवळं.

विमला तिच्या ओट्यावर जाऊन बसली. “इंदू, हे नको करू बाई.”

“काहून? चोऱ्या कमी होतील म्हणे. आणि मी का कोणाचं वाईट लिहून राहिली? हिरवंच तर दाबतो मी सगळ्याईचं.”

“पिवळं दाबायची पाळी येईल ना.”

“तूच तर लिहिलं होतं, विमल,” इंदू जरा दुखावून म्हणाली. “मले साहेबानं सांगितलं. म्हणे तुमच्या मैत्रिणीच्या डोक्यातून निघालं हे सारं. मी म्हटलं, मग तर चांगलंच असेल.”

विमला उठून घरी आली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासत बसली, इतक्या जोराने की पातेल्याची कड वाकली.

पिवळ्याची पाळी आली ती गंधालीवर. यवतमाळकडची पोट्टी, उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. पंडरी बाजारात कापडाचं दुकान असलेल्या सुशीलच्या माडीवर ती भाड्याने राहायची. तिची कामाची पाळी आठवड्याला बदलायची, कधी दुपारी निघायची, कधी पहाटे यायची. कारखान्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडायची. कधी तिच्यासोबत ड्रायव्हर दारापर्यंत येई, कारण कुत्री मागे लागत. इंदूने काही दिवस हिरवं दाबलं, मग एकदा पिवळं. तिच्या मनात काही नव्हतं. वेगळं दिसलं तर पिवळं दाबा, असंच तिला शिकवलं होतं.

पोलीस चौकीतून सुशीलला फोन आला. मग आणखी एक. भाडेकरूची माहिती द्या, सोबत येणारा माणूस कोण ते सांगा. सुशील भला माणूस, पण दुकानदार. त्याने गंधालीला हात जोडून सांगितलं, “बेटा, मले भानगड नको. तू दुसरी खोली पाहा.”

विमलाला हे कळलं ते गंधाली सुटकेस घेऊन गल्लीतून जाताना दिसली तेव्हा. तिने गॅस बंद केला आणि तशीच अनवाणी खाली गेली.

“कुठं चालली?”

“मैत्रिणीकडे, काकू. बघतो काही दिवस.”

“ती बॅग वर आण. माझ्या मागच्या खोलीत.”

“काकू, तुमच्यामागं लागतील ते.”

“लागू दे,” विमला म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला होता की दोन-तीन दारं किलकिली झाली. तिने त्या दारांकडे पाहून आणखी मोठ्याने म्हटलं, “दाबा पिवळं. घाटेबाईनं पोट्टी घरात घेतली म्हणून दाबा.”

आठ-दहा दिवसांनी वॉर्डातल्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. योजनेची प्रेरणा म्हणून श्रीमती विमला घाटे यांचा सत्कार. अभिनव गाडी घेऊन न्यायला आला. विमला गाडीत बसली नाही. गंधालीला घेऊन रिक्षाने गेली.

मंचावर शाल तयार होती. शिशिर साहेबांनी तिची ओळख करून दिली, दूरदृष्टी वगैरे शब्द वापरले. शाल खांद्यावर येण्याआधीच विमलाने माइक हातात घेतला.

“मी हे पुस्तक लिहिलं ते असं होऊ नये म्हणून,” ती म्हणाली. “त्याच्यात शेजारसखी आहे ना, ती शेवटी स्वतःच्याच लेकीचं वर कळवते. यांनी शेवट वाचला आणि तरीही हे आणलं. ही पोट्टी इथं उभी आहे. हिनं काय केलं? कामाला गेली आणि कामावरून आली. तेवढ्यासाठी हिची खोली गेली.”

खाली बसलेल्यांपैकी बहुतेकांना मराठी कळत नव्हती. त्यांना वाटलं, बाई विनयाने काहीतरी बोलत आहे. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ऐकून विमलाने माइक टेबलावर आपटला. शाल तशीच राहिली.

बाहेर शिशिर साहेब तिच्या मागे आला. तो अजिबात चिडलेला नव्हता, आणि तेच तिला सहन होईना.

“मावशी, तुमचा गैरसमज होतोय. कादंबरीत ती व्यवस्था वाईट लोकांच्या हातात आहे. इथे आपण आहोत ना.”

“कादंबरीतल्या साहेबाच्या तोंडी हेच वाक्य आहे,” विमला म्हणाली. “पान काढून दाखवू?”

तो हसला. तिला वाटलं, एक ठेवून द्यावी. नाही दिली. पण तेव्हा का नाही दिली, हे ती आजही स्वतःला विचारते.

त्यानंतर चौकीतून माणूस तिच्याही दारी आला. नम्र होता. गंधालीचं आधार पाहिलं, कारखान्याचं कार्ड पाहिलं. घरी अजून कोण येतं, बैठका होतात का, तुम्ही सध्या काही लिहीत आहात का, असं विचारून गेला. विमला तडक समोर गेली.

“इंदू, तू माझ्या दारावर पिवळं दाबलं?”

इंदू पापड लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. “मी? तुझ्या दारावर? देवाशप्पथ नाही. मी तर त्या पोट्टीवरही परत नाही दाबलं. ती घराबाहेर झाल्यापासून माझा हातच चालत नाही. मी सारं हिरवंच टाकून देतो.”

“मग त्यांना कळलं कसं?”

इंदूने हात पुसून मोबाइल उघडला, तो विमलापुढे धरला. विमलाचं दार इंदूने दाबलेलं तसं हिरवंच होतं. त्याच्या समोर, गल्लीच्या त्या छोट्या चित्रात, इंदूचं स्वतःचं दार पिवळं होतं.

इंदूने स्वतःच्या दारावर बोट ठेवून पाहिलं, पिवळं गेलं नाही.

“माझं कोणी दाबलं?” इंदू हळूच म्हणाली. “विमल, या गल्लीत अजून कोणी आहे का?”

विमलाच्या कादंबरीत सखीवर नजर ठेवणारी दुसरी सखी नव्हती. हे यांनी स्वतः शोधलं होतं.

इंदूने तो मोबाइल त्याच दुपारी वॉर्डाच्या ऑफिसात नेऊन दिला. घेणाऱ्या मुलाने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “डोळ्याले दिसत नाही मले.” दुसऱ्या दिवसापासून दोघी हे सांगत घरोघर गेल्या. काहींनी आत बोलावलं, काहींनी दारातूनच ‘हव, हव’ करून वाटेला लावलं. शेजारच्या पाऱ्यातल्या दोन बायकांनी सखीचं काम सोडलं. बाकीच्यांनी नाही. योजना बंद पडली नाही, आणखी वॉर्डांत गेली. गंधाली अजून विमलाच्या मागच्या खोलीत राहते. अभिनव दिवाळीला आला होता. विमलाने त्याला मोबाइल गाडीच्या डिकीत ठेवून यायला सांगितलं. तो मिठाईचा डबा पायरीवर ठेवून निघून गेला. डबा तिथेच पडून राहिला, मग मुंग्या लागल्या तेव्हा इंदूने उचलून फेकला.

गेल्या महिन्यात शिशिर साहेबांचा फोन आला. पुस्तकाचा हिंदी अनुवाद कंपनी छापून देईल म्हणाला, बाकीच्या शहरांतल्या सख्यांना प्रशिक्षणात वाटता येईल. विमलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती पलंगाखालून काढून तिने पुढच्या खोलीत मांडल्या आहेत. कुणी मराठी वाचणारं आलं की ती हातात प्रत देते, समोर बसवते आणि शेवटचं प्रकरण आपल्यादेखत वाचून घेते.