आपण काय बनवतो, हे विचारणाऱ्या शालनअक्का

शालनअक्का गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला, तेव्हा मी शाहूपुरीत पडद्याचं कापड बघत होते. झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही, एवढं ती म्हणाली. कापड तसंच टाकून मी गडमुडशिंगीला, त्यांच्या घरी निघाले... याला आता सहा आठवडे झाले. चुटपुट आहेच, पण अक्का आठवल्या की मन जड होत नाही. उलट कामाला लागावंसं वाटतं.

लोखंड ओतून पंप बनवणाऱ्या आमच्या फौंड्रीत त्या कितीतरी वर्षं कोअर शॉपमध्ये होत्या. पंपासारखी पोकळ वस्तू ओतताना साच्याच्या आत वाळूचा गाभा ठेवतात. लोखंड त्याच्याभोवती बसतं, मग वाळू झाडली की पोकळी राहते. हा गाभा म्हणजे कोअर. तो बनवायला बारा बायका होत्या आणि त्यांच्यात वडीलकीच्या अक्का. मी कामगार अधिकारी म्हणून नवीनच लागले होते. त्या सुमारास तपासणीत पंप फार रद्द होत होते. बायकांचं लक्ष नाही, शिक्षणही नाही, असं मॅनेजरांचं मत. कोअर शॉप ठेकेदाराला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. म्हणजे बाराही जणी घरी.

मी महिन्याची मुदत मागून घेतली. प्रशिक्षणाचा वर्ग घेतला, भिंतीवर तक्ते लावले, 'कामात समाधान आहे का' अशी प्रश्नावली वाटली. अकरा जणींनी मुकाट्यानं 'होय'वर खूण केली. रद्द माल मात्र कमी होईना. एकट्या अक्कांचा कागद कोरा आला. मला वाटलं, वाचता आलं नसेल. विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, समाधान हाय का म्हणून इचारतायसा. पण आमी काय बनवतोय ते आमालाच ठावं न्हाय. वाळूचं केळ्यागत कायतरी करतोय आन् देतोय, एवढंच."

मला खरंच लाज वाटली. कोअर शॉपचं दार वेगळं, जेवणाची जागा वेगळी. आपला कोअर पुढं कुठं जातो, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. एकदा बघू द्या, अर्ध्या दिवसाचं काम भरून काढतो, असं अक्कांनी सांगितलं. मालक कुरकुरत का होईना तयार झाले.

ओतलेले पंप जिथं कातून पुरे करतात, त्या मशीन शॉपमध्ये एक रद्द झालेला पंप मधोमध कापून ठेवला होता. बायका लांबूनच बघत होत्या. अक्का पुढं झाल्या, आत हात घातला आणि बोटं एका जागी थांबली. तिथं एक उंचवटा होता. कोअरचे दोन भाग जोडताना फट राहिली, की लोखंड तिथं शिरून तसा उमटतो. मॅनेजर शेजारीच उभे होते. अक्कांना गप्प राहता आलं असतं.

"हितं माझा हात घाईत हुता," त्या म्हणाल्या.

मॅनेजरांनीच दुसरा पंप मागवला आणि पाणी कुठून कसं जातं, ते बायकांना समजावून सांगायला लागले. ठेकेदाराची गोष्ट त्या दिवसापासून मागं पडली. अक्कांनी एकच मागणी केली, की रद्द माल परस्पर भट्टीत न टाकता आधी आम्हाला दाखवा. मग रोज सकाळी बायका तो उलटसुलट करून बघायच्या, कधी हसायच्या, कधी भांडायच्या. दोन-तीन महिन्यांत रद्द पंपांचा ढीग दिसेनासा झाला. माझ्या प्रश्नावलीनं जे झालं नाही, ते आपलं काम डोळ्यांनी बघितल्यानं झालं. माझं खरं शिक्षण तिथं झालं, असं मी आजही मानते.

निवृत्त होताना अक्कांनी भाषण केलं नाही. सगळ्यांना घरी बोलावून पोटभर जेवायला घातलं.

गेल्या आठवड्यात कोअर शॉपमध्ये एक नवीन मुलगी लागली. अक्कांच्या हाताखाली शिकलेली सुशीला तिला आधी मशीन शॉपमध्ये घेऊन गेली. अक्कांच्या वेळेपासून नव्या बाईचा पहिला तास तिथंच जातो. सुशीलानं पदरानं तिचा हात पुसला आणि तयार पंपाच्या आत धरला. "नीट फिरीव. खडबडीत लागलं तर ते आपलं. गुळगुळीत लागलं तर त्येबी आपलंच."

मुलीनं बराच वेळ हात बाहेर काढला नाही.