एकाच भुलीत

अन्याय झाला माझ्या मोठ्या बहिणीवर, मी बारावीत होते त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता. निलगिरीच्या वाफेचा वास आला की मला नागपूरच्या सीताबर्डीतला तो दवाखाना आठवतो. सायनसनं ती बेजार झाली होती, म्हणून ऑपरेशन ठरलं, आणि तेवढ्याच कागदावर सही करून ती आत गेली. मग नर्स दुसरा कागद घेऊन आली, नाकाचा आकार बदलायचा. काकांनी डॉक्टरांशी परस्पर बोलून ठेवलं होतं. ते आईला म्हणाले, "एकाच भुलीत दोन्ही कामं होऊन जातात, वहिनी. दोन स्थळं नाकावरून गेली, आता पोपटाची चोच सरळ करून टाका." मी ओरडले, "तिले तर विचारा!" काका हसले. "तिले भूल देऊन राहिले, आता काय विचारतं? तू चूप बैस वं!" आईनं सही केली. मी दारापर्यंत धावले, नर्सनं मला परत बाकावर आणून बसवलं, आणि मी बसले. दुपारी शुद्धीवर आल्यावर बहिणीनं नाकावरचं प्लास्टर चाचपलं. "आई, मी सायनससाठी आली होती ना? हे काहून?" आई तिच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. आज तिला श्वास नीट येतो, सगळे तेवढंच सांगतात. वारलेल्या बाबांसारखं ते नाक तिला आवडायचं, पण तिला कोणी विचारलंच नव्हतं. तुमची सज्ञान पोरगी आत झोपलेली असताना तिच्या शरीराबद्दलचा कागद तुमच्यापुढे आला, तर सही करू नका. ती उठेपर्यंत थांबा.