बेंजोवाल्याची कॅसेट

परभणीच्या स्टँडसमोरच्या त्या कॅसेटवाल्यावर माझा राग आहे, आणि तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे. दुकान केव्हाच उठलं, दुकानदारही गेला म्हणतात. गेला असेल. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असं आमच्याकडे सांगतात, पण तो जिवंत होता तेव्हा कुणी बोललं नाही, त्याचं काय?

नामांतराचं पेटून सहा-सात वर्षं झाली होती. मी कॉलेजसाठी परभणीत मामाकडे राहत होते, आणि मामा एका गायनपार्टीचा भक्त होता. पार्टीच्या मुख्य गायकाला सगळे मास्तर म्हणत. आवाज पहाडी, बोटांत अंगठ्या, आणि गाण्याआधी स्वतःच्या मोठेपणाचं पाल्हाळ. मामाला त्यांच्यात खोट दिसायची नाही, मला खोटीशिवाय काही दिसायचं नाही. “तुला चांगल्यात बी कुसळंच दिसत्यात,” असं म्हणून मामा पान लावायला घ्यायचा.

गंगाखेडला जयंतीत मास्तरांचा कार्यक्रम ठरला. तो टेपवर भरून घ्यायचा म्हणून मामानं मला कोरी कॅसेट आणायला पाठवलं. दुकानदारानं आधी चांगली, पॅकबंद दाखवली. किंमत ऐकून पडलेलं माझं तोंड बघून त्यानं फळीखालचं खोकं ओढलं आणि बिनकागदाची एक कॅसेट काढली. “ही घ्या, स्वस्तात. कोरीच हाय.” भरलेल्या कॅसेटवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीला भोकं असतात. या कॅसेटची भोकं चिकटपट्टीनं बुजवलेली होती. म्हणजे आत कुणीतरी होतं. कोण, ते बघायला घरी आल्याबरोबर मी ती टेपला लावली.

आवाज अजिबात पहाडी नव्हता. बारीक, नाकातला, वर चढताना थोडा फाटणारा. मागे बेंजो, तोही अॅम्प्लिफायरला जोडलेला, त्यामुळे तार छेडली की घरघर यायची. सोबत फक्त हलगी. हलगी इतक्या सावकाश वाजताना मी कधीच ऐकली नव्हती. एका गाण्यात वस्तीपाशी एस.टी. थांबवत नाही म्हणून कंडक्टरला शिव्या होत्या, पण चाल पाळणा म्हणावा अशी. मी हसले आणि मग मला एकदम रडू आलं. गावाहून कॉलेजला येताना तसल्याच कंडक्टरच्या मागे मी कितीदा पळाले होते. आपल्या रोजच्या अपमानाचंही गाणं होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मास्तरांच्या गाण्यांत आम्ही सगळे वाघ असायचो. वाघ एस.टी.मागे पळत नाहीत.

पुढचं गाणं तर मला पाठच होतं. मास्तरांचं सगळ्यात गाजलेलं. ते म्हणायचे:

घर जळताना गाव सारं दारं लावून होतं,
सकाळी निळ्या झेंड्याखाली सारं गाव उभं होतं.

यावर टाळ्या पडायच्या, शिट्ट्या पडायच्या. मला ही ओळ कायम खोटी वाटायची. कुठलं गाव उभं राहिलं होतं? आणि कॅसेटमधला माणूस म्हणत होता:

घर जळताना गाव सारं दारं लावून होतं,
सकाळी खुरपायला बोलवाया तेच गाव, दार नव्हतं तिथं, उभं होतं.

मी टेप बंद केला. आमच्या गावी असंच झालं होतं. राख निवली नव्हती आणि पाटलाचा माणूस येऊन आईला विचारत होता, आज बाया किती येतील? पुन्हा लावला. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, ही आपल्याकडची रीत. मास्तर तिथं स्वतःचं नाव घ्यायचे. इथं नाव दुसरंच होतं.

मामा दारात उभा राहून ऐकत होता. “हा तर बेंजोवाला हाय,” तो म्हणाला. “मास्तरच्या मागं बसतो बग. लय रडकं गातो. कोन घेनार असली कॅसेट?”

“गाणं त्याचं आहे मामा. मास्तरांनी चोरलंय.”

“चोरलं कामून म्हनतीस? त्याच्या तोंडात ऱ्हायलं असतं तर कुत्र्यानं हुंगलं नसतं. मास्तरनं त्याला मानसांत आनलं.”

त्या दिवशी मी मामाकडे जेवले नाही.

कार्यक्रम भर दुपारी होता, कारण अंधार पडायच्या आत आटपा या अटीवर पोलिसांनी परवानगी दिली होती. मांडव तापलेला, माणूस मावत नव्हता. मी बायांच्या बाजूला बसले होते. पर्समध्ये कॅसेट; मामाला ती मी दिलीच नव्हती. मास्तरांच्या मागे, वायरींच्या गुंताड्यात, बेंजोवाला मान खाली घालून वाजवत होता. काळा, किडकिडीत, चाळिशीचा माणूस. त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं आणि मला मांडवातल्या एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

फर्माईश असली की चिठ्ठी वर पाठवायची आणि गायकानं ती माईकवर वाचून दाखवायची, अशी पद्धत. मी लिहिलं: ‘घर जळताना’ हे गाणं बेंजोवाल्यांनी म्हणावं, आणि त्यांनी लिहिलं तसंच म्हणावं.

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. मोठ्यानं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग ते असे हसले की सगळा मांडव हसला. “बघा, आमच्या बेंजोला बी चाहते हायत!” त्यांनी माईक मागे वळवला. “म्हन रे. फर्माईश मोडू न्हाई.”

बेंजोवाला उठला, घसा साफ केला आणि गायला लागला. सावकाश नाही, मास्तरांच्याच वेगानं. निळ्या झेंड्याखाली सारं गाव उभं केलं. शेवटच्या कडव्यात मास्तरांचं नाव घेतलं आणि घेताना मास्तरांकडे बघून हात जोडले. टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. मला मास्तरांचा राग होताच. आता बेंजोवाल्याचा जास्त आला.

कार्यक्रम संपल्यावर तो जीपमागे वायरी गुंडाळत होता. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“स्वतःच्या गाण्यात दुसऱ्याचं नाव घेता, लाज नाही वाटत?”

त्यानं वर पाहिलं. “चिठ्ठी तुमची व्हती का ताई?” आवाजात गोडवा अजिबात नव्हता. “तुमी आता घरला जाताल. मला ह्याच जीपात बसून जायचंय. कुनी सांगितला व्हता हा उद्योग?”

“तुमचं गाणं आहे ते!”

“हाय की. मग? मास्तरांनी हितं सोताचं नाव घ्यावं. माह्या नावाची कॅसेट हाय. समद्या खपल्यात. परभनीत दुकानदारानं सोता सांगितलं मला, एक बी उरली न्हाई. घराघरात लोकं माहंच नाव ऐकायलेत. मांडवातल्यानं काय फरक पडतो?”

तो हे इतक्या तोऱ्यात बोलला की मी पेटले. पर्समधून कॅसेट काढून त्याच्या हातात ठेवली.

“अशी खपली. कोरी म्हणून.”

त्यानं ती उलटी केली. पाठीवरच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्याला नख लावून बघितलं, पण पट्टी काढली नाही. वायरीचं वेटोळं खांद्यावरून घसरून खाली पडलं, ते त्यानं उचललं नाही.

“ह्याच्यावर काय भरलंय?”

“काही नाही. तुम्हीच आहात.”

“आन् बाकीच्यांवर?”

मामाच्या कपाटात तसल्याच बिनकागदाच्या, चिकटपट्टी लावलेल्या कॅसेटींची चळत होती. त्यांवर काय होतं ते मला माहीत होतं. खोटं बोलता आलं असतं. मला तेव्हा खोट्याचाच तिटकारा होता.

“मास्तर,” मी म्हणाले.

त्यानं कॅसेट मला परत दिली. जीपमधून मास्तरांनी हाक मारली, “ए बेंजो, चल की!” तो “जी” म्हणाला आणि वायरी गोळा करायला खाली बसला.