बिनखिशाची पँट

मुठ्या शिंप्याच्या तोंडून बोर्डिंगबद्दल एक चांगला शब्द ऐकायचा, तर माणसाने जन्म घालवावा. दुकान बोर्डिंगच्या मागच्या भिंतीला चिकटलेलं, पोट बोर्डिंगच्या कपड्यांवर भरलेलं, स्वतः लहानाचा मोठा त्याच भिंतीच्या आत झालेला, आणि तरी सकाळी शटर वर करताना पहिली शिवी बोर्डिंगलाच. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तो भिंतीकडे मान वळवायचा. "अनाथांचा आधार म्हणे! आधार कसला, कोंडवाडा नुसता!" गिऱ्हाईक बिचारं हात पसरून उभं. "ओ मास्तर, आधी माझी बाही मोजा की."

मुठ्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. आईबाप कोण, हेच त्याला माहीत नव्हतं. नाव बाजाराने ठेवलं, आणि ते कसं पडलं हे सांगायचं तर बोर्डिंगचा सगळा इतिहासच सांगावा लागतो.

बोर्डिंग सुरू झालं ते एका बंद पडलेल्या गोदामात. थोरले सर, म्हणजे पहिले अधीक्षक, स्टेशनाच्या आसपास भटकणारी, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणारी पोरं हाताला धरून आणायचे. वर पत्रे, खिडक्यांना पोत्यांचे पडदे, सगळ्यांत मिळून एक नळ. माणूस कडक, पण कळवळ्याचा. एवढं मुठ्यासुद्धा कबूल करायचा, अर्थात दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून. मग एका थंडीत एका पोराच्या खिशातली काडेपेटी गाद्यांच्या खोलीत पेटली. खोली गेली, एका पोराची पाठ भाजली, आणि देणगी देणाऱ्यांनी सरांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. सरांनी दुसऱ्याच दिवशी शिंपी बोलावून सगळ्या पोरांचे खिसे उसवून टाकले. सदऱ्याचे, पँटीचे, सगळे. तेव्हापासून बोर्डिंगच्या कपड्याला खिसा म्हणून नाही.

पुढे पत्रे जाऊन स्लॅब आला. चूल जाऊन गॅस आला, कंदील जाऊन वीज आली, वर मजला चढला, कॉम्प्युटरची खोलीसुद्धा झाली. खिसा काही परत आला नाही. का नाही, असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, शिस्त.

आता मला सांगा, खिसा नसलेलं पोर आपली चीजवस्तू ठेवणार कुठे? गोटी गालात. पेन्सिलीचा तुकडा कानामागे. बाकी जे काय असेल ते मुठीत. बोर्डिंगची पोरं मुठी आवळूनच चालायची, शाळेत, रस्त्यात, अगदी झोपेतसुद्धा. आणि आवळलेली मूठ दिसली की बाजारातल्या दुकानदारांचे डोळे वटारलेच. "ए, मूठ उघड! काय उचललंस?" किराणावाल्याने एकदा याला धरलं, दोन ठेवून दिल्या आणि एकेक बोट उचकटून मूठ उघडली. आत निघाला दात. याचा स्वतःचा, सकाळीच पडलेला दुधाचा दात. किराणावाला हसला, त्याचं गिऱ्हाईक हसलं, आणि हे पोर कायमचं मुठ्या झालं. म्हणजे बघा, खिसे काढले आगीच्या भीतीने, आणि पोरं ठरली चोर. मुठ्याचा राग हा असा होता, आणि तो काही उगाच नव्हता.

शिवणकाम तो बोर्डिंगमध्येच शिकला. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा थोरल्या सरांनी त्याला पायाची मशीन दिली, भिंतीला लागून ही जागा मिळवून दिली, आणि वर बोर्डिंगच्या कपड्यांचं कामही दिलं. झालं! ज्या पँटीने बालपण नासवलं, तीच पँट आता याने शिवत बसायचं. नाही म्हणायची सोय नव्हती, खायचं काय? कापड आलं की कापायचं, शिवायचं, गठ्ठे बांधून पोचवायचे, आणि प्रत्येक गठ्ठ्यामागे थोरल्या सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बायको शेजारी बसून काजं करायची. ती म्हणायची, "अहो, एवढं डोक्यात जातं तर सोडून द्या ना काम."

"सोडतो. मग तुझा भाऊ घालील का जेवायला?"

"माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही!"

मग काय, दिवसभर दुकानात मशीनीपेक्षा दोन तोंडांचाच आवाज जास्त.

थोरले सर गेले तेव्हा हा स्मशानापर्यंत गेला, सगळं आटपेपर्यंत थांबला. घरी येऊन बायकोला एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्याच्या कोटाला चार खिसे होते." आणि त्या दिवशी जेवला नाही.

सरांच्या जागी त्यांचा मुलगा आला. धाकटे सर. मुठ्याच्याच वयाचे, त्याच आवारात वाढलेले, पण अधीक्षकांच्या घरात, आणि खिसे असलेल्या चड्डीत. लहानपणी हे महाशय खिशात हात घालून एकेक गोळी काढायचे आणि पोरांसमोर उभे राहून चघळायचे. मुठ्या ते विसरला नव्हता. आणि धाकट्या सरांना मुठ्या म्हणजे वडिलांनी जाता जाता गळ्यात बांधलेली ब्याद वाटायची. दोघं समोरासमोर आले की शिपाई आपणहून दार लावून घ्यायचा.

बोर्डिंगला पन्नास वर्षं पुरी झाली. नवं सभागृह उभं राहिलं, आणि उद्घाटनाला पोरांना नवे कपडे म्हणून एका कापडवाल्याने तागेच्या तागे पाठवले. चांगलं, जाड, घट्ट विणीचं कापड. मुठ्याने ते बोटांत चोळून पाहिलं आणि त्याच्या मनाने घेतलं. या वेळी खिसे! तो टेप गळ्यात तशीच ठेवून ऑफिसात गेला.

"पँटींना खिसे लावतो म्हणतो."

"कशाला?" धाकट्या सरांनी मानसुद्धा वर केली नाही.

"कशाला म्हणजे? माणसाला खिसा कशाला असतो?"

"खिसा म्हणजे गुटखा. खिसा म्हणजे मोबाईल. खिसा म्हणजे उद्या पोलीस माझ्या दारात. बाबांनी नियम केला तो काय वेड लागलं होतं म्हणून?"

"तुमच्या बाबांनी केला काडेपेटीपायी. आता अख्ख्या आवारात एक काडेपेटी दाखवा मला!"

"तू शिंपी आहेस. सांगितलंय तेवढं शिव."

"आणि तुमच्या अंगावर किती खिसे आहेत, सर? मोजू?"

"बाहेर हो!"

मुठ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात येऊन त्याने कातरी अशी आपटली की बायको दचकली. "लावणार! बाजूच्या शिलाईत लावतो, वरून दिसायचं नाही. बघतोच काय करतो तो."

"काम जाईल हातचं," बायको म्हणाली.

"जाऊ दे."

"आणि मग?"

"मग तुझा भाऊ आहेच."

बायकोने त्याला चार शब्द ऐकवले. मग उठली, फळीवरून घरातल्या जुन्या चादरी काढल्या आणि टराटरा फाडून त्याच्यापुढे टाकल्या. "आत लावायला कापड नको का? का तेही मीच सुचवायचं?"

उद्घाटनाच्या दिवशी पोरं नव्या कपड्यांत रांगेने उभी राहिली. खिसा सापडायला त्यांना किती वेळ लागणार? मुख्य पाहुण्या म्हणून आलेल्या बाई रांगेतून फिरत होत्या, तर एका पोराचा हात मनगटापर्यंत खिशात. बाई थांबल्या. धाकट्या सरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"अगबाई, आता खिसेसुद्धा दिलेत?" बाई म्हणाल्या. "मागे आले तेव्हा नव्हते. किती बारीक विचार करता हो तुम्ही पोरांचा!"

आता काय करणार? सर हसले. नुसते हसले नाहीत, माईक हातात घेऊन खिसा म्हणजे विश्वास, खिसा म्हणजे स्वाभिमान, असं बराच वेळ बोलले. मागच्या रांगेत मुठ्या तोंडात रुमाल कोंबून हसत होता. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या.

दुसऱ्या दिवशी शिपाई निरोप घेऊन आला की पुढचे कपडे रेडिमेडवाल्याकडून येतील. बायको डोक्याला हात लावून बसली. मुठ्या मात्र बाजारभर सांगत सुटला. "गेलं तर गेलं काम! खिसे तर राहिले ना अंगावर? जिरवली की नाही त्याची?" उभ्या आयुष्यात तो पहिल्यांदा बोर्डिंगवर जिंकला होता, आणि ते त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायला लागलं.

असेच काही आठवडे गेले. एका सकाळी पोरं दुकानावरून शाळेला चालली होती आणि मुठ्या इस्त्री करत होता. सहज त्याची नजर एका पोराच्या पँटीवर गेली. खिशाचं तोंड शिवलेलं. जाड दोरा, वेडेवाकडे टाके. त्याने मागचं पोर पाहिलं. त्याचंही शिवलेलं. त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं, सगळ्यांचे! तो इस्त्री तशीच सोडून धावला. बायकोने उचलली म्हणून गिऱ्हाइकाचा सदरा वाचला.

ऑफिसचं दार त्याने लाथेने उघडलं. "अरे, हिंमत होती तर त्याच दिवशी बाईंसमोर शिवायचे होतेस! माईकवर विश्वास, आणि पाठीमागे सुईदोरा? लाज नाही वाटत?"

धाकटे सर उठून उभे राहिले. "तोंड सांभाळ! काय शिवलं?"

"खिसे! पोरांचे खिसे! बापाचाच लेक तू!"

"मी हात लावलेला नाही खिशांना. मी कशाला शिवीन? उद्या त्या बाई आल्या तर काय दाखवू त्यांना?"

"खोटं बोलतोस!"

सर रागाने व्हरांड्यात गेले आणि पायाला लागलंय म्हणून शाळेला न गेलेल्या एका पोराला आत घेऊन आले. "सांग यांना. खिसे कोणी शिवले?"

पोराने जमिनीकडे पाहिलं. "आम्हीच."

"आम्ही म्हणजे कोण?" मुठ्या ओरडला.

"सगळ्यांनी. शिवणाच्या वर्गातून दोरा आणला."

"अरे गाढवांनो, पण का?"

पोराने वर पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळत नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "पँट आमची कुठे असते? सगळ्या एकत्र धुवायला जातात. परत आल्या की लहान, मधली, मोठी असे ढीग लावतात, आणि हाताला लागेल ती घालायची. माझं सामान खिशात राहिलं, ते दुसऱ्याच्या अंगावर गेलं. तो म्हणाला, माझ्या पँटीत मिळालं, माझं. मग मारामाऱ्या. मोठी पोरं तर ढीग आला की आधी खिसेच चाचपतात. शिवून टाकलं की भानगडच नाही."

मुठ्याला कोणी भर रस्त्यात कानफटात मारावी तसं झालं. त्या ढिगांतून पँट उचलतच तो मोठा झाला होता. आज मोठी आली तर दोरीने बांधायची, उद्या आखूड आली तर ओढत राहायचं. पण अंगाला स्वतःची पँट लागून आता इतकी वर्षं झाली होती, की बोर्डिंगमध्ये कोणाचीच पँट आपली नसते, हे तो साफ विसरून गेला होता. तो! मुठ्या! चादरी फाडल्या, काम घालवलं, बाजारभर मिरवला, आणि एवढी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

धाकटे सर हसायला लागले. "ऐकलंस? आला मोठा पोरांचा कैवारी!"

"हसू नका!" मुठ्याचा आवाज चिरकला. "पँट ज्याची त्याला द्या. आत नाव घालून देतो मी प्रत्येकाचं."

"आज पँट ज्याची त्याला. उद्या पलंग ज्याचा त्याला. परवा म्हणशील, घर ज्याचं त्याला. बोर्डिंग आहे हे."

मुठ्याच्या तोंडाशी एवढ्या शिव्या आल्या, की एकही बाहेर पडेना. तो पोराकडे वळला आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "काय होतं रे खिशात? काय गेलं तुझं?"

पोर एक पाऊल मागे सरलं.

"बरं, मग आता कुठे ठेवतोस सामान? मला सांग की. मी पण इथलाच आहे रे."

पोराने त्याच्या गळ्यातली टेप पाहिली, सदऱ्याचा खिसा पाहिला, खिशातला चष्मा पाहिला. "तुम्ही बाहेरचे," ते म्हणालं. "तुम्हाला कशाला सांगू?"

आणि लंगडत लंगडत व्हरांड्यात निघून गेलं. मुठ्याला रडू आलं, आणि ते धाकट्या सरांसमोर आलं याचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.